बंब का गुरगुरतो?

श्रोतेहो, खानदेशातल्या माणसाला घर गरम कसे ठेवावे हा प्रश्न कधी पडत नाही. चैत्र-वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर गेला म्हणजे घर गार कसे राहील याचीच विवंचना असते. विलायतेत आणि इतर थंड मुलखांत तसे नाही. तिथे तळघरात किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक बंदिस्त बंब असतो. त्यातले ऊन पाणी नळांतून घरभर फिरते आणि खोल्या उबदार राहतात. हा बंब जुना झाला की चुलीवरच्या किटलीसारखा आवाज करू लागतो. तिकडे त्या आवाजाला नावही किटलीवरूनच पडले आहे.

आपल्याला खोल्या तापवायच्या नाहीत, पण अंघोळीचे पाणी तापवायचे असतेच. मार्गशीर्ष-पौषातल्या पहाटे भडगावात गिरणेच्या पात्रावरून वारे सुटते, एखाद्या वर्षी पारा दहाच्या खाली उतरतो, आणि घरोघर न्हाणीशेजारी बंब पेटतात. कुणाकडे पऱ्हाट्यांवर चालणारा तांब्याचा बंब, कुणाकडे भिंतीवर टांगलेला विजेचा, कुणाच्या धाब्यावर उन्हावर चालणारा. नावे वेगळी, तरी काम एकच. आणि दोन-तीन हिवाळे गेले की तक्रारही एकच येते. घरातली आजी विचारते, "हाऊ बंब का बरं गुरगुरस?" घरातल्या शिकलेल्या मंडळींकडे बहुधा उत्तर नसते. ते उत्तर आज पाहू. उत्तर नुसते माहितीसाठी नाही. काही आवाज निरुपद्रवी असतात आणि त्यांना भिऊन लोक चांगला बंब मोडीत काढतात. काही आवाज धोक्याचे असतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. कोणता आवाज कशाचा हे ओळखता आले तर पैसा वाचतो, आणि प्रसंगी जीवही वाचतो.

पाणी आधी गाते, मग उकळते

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही, की नवा कोरा बंबसुद्धा थोडा आवाज करतोच. चहाचे आधण ठेवल्यावर भांड्याकडे नीट लक्ष द्या. सुरुवातीला तळाशी आणि कडेला मोत्यांसारखे बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ती पाण्यात विरघळलेली हवा. पाणी तापले की ती बाहेर पडते. या बुडबुड्यांचा आवाज जवळजवळ नसतोच. थोड्या वेळाने "सूं" असा बारीक स्वर सुरू होतो आणि चढत जातो. मग गंमत अशी होते, की पाणी खळखळा उकळू लागले की हा स्वर एकदम खाली येतो.

असे का होते? तळाचे पाणी विस्तवाला चिकटून असते, ते आधी शंभर अंशांपर्यंत तापते आणि त्याची वाफ होते. वरचे पाणी अजून तेवढे तापलेले नसते. वाफेचा बुडबुडा वर निघतो, गार पाण्यात शिरतो आणि तिथेच विरतो. वाफ ही पाण्याच्या सोळाशे पट जागा व्यापते. म्हणजे बुडबुडा विरतो तेव्हा एवढी मोठी जागा क्षणात रिकामी होते आणि चहूबाजूंचे पाणी तिथे आदळते. एका बुडबुड्याचा ठोका ऐकू येत नाही; हजारो बुडबुडे एकदम फुटू लागले की त्याचा "सूं" होतो. सगळे पाणी सारखे तापले की बुडबुडे न विरता पृष्ठभागापर्यंत पोचतात, म्हणून आवाज उतरतो. इंग्लंडातले शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली, पाण्यातली पोकळी मिटताना किती दाब उत्पन्न होतो याचे गणित मांडले. ते करताना त्यांच्यासमोर दोन गोष्टी होत्या. एक आगबोटीच्या पंख्याची झीज, आणि दुसरी चुलीवरच्या किटलीचे गाणे. आपल्या न्हाणीतला आवाज हा असा थोरामोठ्यांनी विचार केलेला विषय आहे.

तेव्हा बंब पेटवल्यावर थोडा वेळ "सूं" करून गप्प होत असेल, तर त्याला काही झालेले नाही. चिंता करायची ती पुढच्या आवाजांची.

पाण्यातला चुना

समजा, आपण भडगावातल्या एखाद्या घरी गेलो आहोत. तांब्याचा बंब, चार-पाच हिवाळे वापरलेला. पेटवल्यावर "सूं" तर होतेच, पण त्यात मधूनमधून "टक्", "ठक्", "गुर्र" असे आवाज येतात. कुणी आतून बोटाने टिचक्या माराव्यात तसे. झाकण काढून हात आत घाला, अर्थात बंब गार असताना. मधल्या धुराच्या नळीवर आणि तळाशी हाताला खरखरीत लागते. नखाने खरवडले की पांढरट, पिवळसर कपचा निघतो. तोच आपला गुन्हेगार.

हा थर आला कुठून? आपल्या पायाखाली काळा खडक आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर साचून तो झाला. या खडकात चुन्याचा अंश भरपूर असतो. आपल्या काळ्या रानात नांगरताना चुनखडीचे पांढरे खडे वर येतात, ते त्याच चुन्याचे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतला कर्बवायू सोबत घेते, त्यामुळे ते किंचित आंबट होते आणि खडकातला, मातीतला चुना विरघळवून घेते. हेच पाणी विहिरीत आणि कूपनलिकेत येते. डोळ्यांना ते स्वच्छ दिसते, चवीला थोडे जड लागते, आणि त्यात साबणाला फेस येत नाही. म्हणून आपण त्याला जड पाणी म्हणतो. नदीचे पाणी सर्वसाधारणपणे याहून हलके असते. ज्या घरी पावसाळ्या-हिवाळ्यात नदीच्या योजनेचे आणि टंचाईत कूपनलिकेचे पाणी वापरतात, त्या घराला हा फरक डाळ शिजवताना कळतो.

पाण्याचा जडपणा एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम चुनखडीइतका आहे, या मापाने मोजतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात तो २०० पर्यंत असावा आणि दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. आता पाणी तापवले की काय होते? ज्या कर्बवायूच्या आधाराने चुना विरघळलेला होता तो वायू उडून जातो, आणि निराधार झालेला चुना पुन्हा दगड होऊन जिथे सर्वांत जास्त ऊन असेल तिथे चिकटतो. थोडा हिशेब करून पाहू. समजा, रोज ४० लिटर पाणी तापवले आणि लिटरमागे फक्त १०० मिलिग्रॅम चुना बसला. रोजचे झाले ४ ग्रॅम. हिवाळ्याच्या चार महिन्यांत जवळजवळ अर्धा किलो. बारमाही बंब पेटत असेल तर वर्षाला दीड किलोच्या आसपास. सगळा चुना चिकटून राहत नाही, काही गाळ होऊन तोटीतून निघून जातो. तरी चार-पाच वर्षांत नळीभोवती कवच चढते, यात नवल ते काय?

आवाज या कवचाचा आहे. ते गुळगुळीत नसते, त्याला भेगा आणि बारीक बिळे असतात. पाणी त्यांत झिरपते आणि कवचाखालच्या तापलेल्या धातूला भिडते. तिथे ते अडकून राहते, त्याची एकदम वाफ होते आणि ती वाफ भेगेतून उसळून बाहेर पडते. झाला "टक्" आवाज. कवचाचा तुकडा सुटून तळाशी पडला आणि त्याखाली वाफ कोंडली की "ठक्". तळाशी गाळाचा थर असला की त्यातून वाफ फुगे काढत येते, तेव्हा "गुर्र".

थराने नुकसान कोणते?

चुन्याचा थर उष्णता फार सावकाश वाहतो. तांबे त्याच्या शेकडो पट वेगाने वाहते. एक मिलिमीटर थराचा अडथळा म्हणजे वीतभर जाडीच्या तांब्याचा अडथळा समजा. सरपणाच्या बंबात याचा अर्थ असा, की जाळाची काही ऊब पाण्यात न जाता धुराड्यातून निघून जाते, आणि पाणी तापायला जास्त पऱ्हाट्या लागतात. त्याहून वाईट म्हणजे कवचाआडचा धातू पाण्याने थंड होत नाही, नको इतका तापतो आणि डाख लावलेल्या सांध्याजवळ झिरपू लागतो.

विजेच्या बंबाबद्दल मात्र एक गैरसमज आहे, तो काढून टाकू. थर बसला की बिल दुप्पट येते असे सांगणारे भेटतात. विजेचा तापक सगळाच्या सगळा पाण्यात बुडालेला असतो. त्यातून निघालेल्या उष्णतेला पाण्यात जाण्यावाचून दुसरी वाट नाही. २० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला ५०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे साधारण ०.६ युनिट. थर असो वा नसो, हा आकडा फारसा हलत नाही. नुकसान वेगळ्या जागी होते. उष्णता बाहेर ढकलायला तापकाला स्वतः फार जास्त तापावे लागते. मग त्याची नळी फुटते, आतली तार जळते, आणि कधी कधी पाण्यात वीज उतरते. म्हणजे थरामुळे बिलाहून अधिक भीती धक्क्याची. विजेच्या बंबातून तळण्यासारखा "चर्र" आवाज आणि "फट् फट्" ऐकू येऊ लागले की तापक थराखाली गेला आहे असे समजावे.

थर काढावा कसा?

हातोडी-छिन्नी अजिबात घेऊ नका. तांब्याचा पत्रा पातळ असतो, एका ठोक्यात पोचा पडतो आणि दोनात भोक. फरशी धुण्याचे जहाल आम्लही नको. ते चुन्याबरोबर धातू आणि डाख दोन्ही खाते, आणि त्याच्या वाफा छातीत जातात.

सोपा उपाय वाण्याच्या दुकानात मिळतो. लिंबूसत्त्व, म्हणजेच लिंबाचे फूल. बंब पूर्ण गार होऊ द्या. पाणी सोडून द्या, तळाचा सुटा गाळ हाताने काढा. मग कोमट पाणी भरा, जिथपर्यंत थर आहे तिथपर्यंत. लिटरमागे २५ ग्रॅम लिंबूसत्त्व घाला, म्हणजे २० लिटरला अर्धा किलो. लगेच बारीक फेस सुटू लागेल. चुन्यात अडकलेला कर्बवायू बाहेर पडतो आहे, त्याची ती खूण. तासाभराने काथ्याच्या ब्रशने किंवा लाकडाच्या पट्टीने हलकेच घासा. फेस थांबला तर दोन गोष्टी संभवतात: थर संपला, नाहीतर आंबटपणा संपला. खरवडून पाहिले की कळते. अर्धा किलो लिंबूसत्त्वाला अर्ध्या किलोपेक्षा कमीच चुना पुरतो, त्यामुळे जाड थराला दोन-तीन वेळा करावे लागते. एकाच वेळी चौपट घालून भागत नाही. आंबट पाणी तांब्यात रात्रभर ठेवू नका. शेवटी तीन पाण्यांनी विसळा आणि पहिला बंब तापवून पाणी सांडून द्या. लिंबूसत्त्व नसेल तर चिंचेचा कोळही चालतो. घागर घासताना जे काम तो बाहेरून करतो तेच आतून करील, फक्त वेळ जास्त लागेल. आत कल्हई असेल किंवा सांधा झिरपत असेल, तर तांबटाला दाखवूनच पुढे जा.

विजेचा बंब मात्र स्वतः उघडू नका. तो जाणत्या कारागिराकडून वर्षा-दोन वर्षांनी साफ करून घ्या. त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची कांडी बघायला सांगा. ही कांडी स्वतः झिजून टाकीचा पत्रा वाचवते. ती संपली की गंज टाकीकडे वळतो. लोक तापक बदलतात आणि कांडी विसरतात.

आणि थर पुन्हा लवकर बसू नये म्हणून? पाणी जेवढे जास्त तापवाल तेवढा चुना जास्त बसतो. अंघोळीला ४०-४५ अंशांचे पाणी पुरते. उकळी आणून मग निम्मे गार पाणी मिसळायचे, ही सवय सोडली तर सरपण वाचते आणि थरही कमी. विजेच्या बंबात पाणी साठून राहते, तिथे कळ साठ अंशांच्या आसपास ठेवावी. फार कमी अंशांवर साठवलेल्या पाण्यात रोगजंतू वाढू शकतात. सरपणाच्या बंबाचा गाळ आठवड्यातून एकदा तोटी पूर्ण सोडून काढून टाकावा. एवढ्यानेच "गुर्र" बरीच कमी होते.

बंबाचा नव्हे, नळाचा आवाज

पुष्कळदा आवाज बंबाचा नसतोच, नळाचा असतो. शोधायची युक्ती सोपी आहे. हातभर लांबीची वाळलेली लाकडी काठी घ्या, एक टोक नळाला लावा आणि दुसरे कानाजवळच्या हाडाला. डॉक्टरच्या नळीसारखा आवाज स्पष्ट येतो. जागा बदलत जा, जिथे सर्वांत मोठा येईल तिथे कारण. विजेच्या बंबाजवळ हा प्रयोग कळ बंद करूनच करायचा. तारांना काठी लावायची नाही.

आता नळाचे तीन आवाज. तोटी झटकन बंद केली की भिंतीतून "धाड्" असा ठोका येतो. धावणारे पाणी एकाएकी थांबवले की त्याचा जोर कुठेतरी जाणारच. शेतकऱ्याला हे सांगायला नको. विहिरीवरची मोटार चालू असताना वीज गेली की नळीत केवढा दणका बसतो! तोच दणका इथे लहान प्रमाणात. रशियातले शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यांनी मॉस्कोच्या नळयोजनेवर प्रयोग करून १८९८ साली याचा नियम दिला. लोखंडी नळात सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारे पाणी एका क्षणात अडवले, तर सुमारे १२० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब उसळतो. प्लास्टिकच्या नळीत तो बराच कमी असतो, कारण नळी थोडी फुगते. उपाय असा: तोटी हळू बंद करा, सैल नळ भिंतीला पट्टीने पक्का बांधा, आणि तोटीतला वायसर सैल झाला असेल तर बदला. अर्धवट उघडलेली तोटी "घूं" करून थरथरत असेल तर दोष बहुधा याच वायसराचा.

दुसरा आवाज "टिक्... टिक्", ऊन पाणी सुरू झाल्यावर आणि बंद झाल्यावर. नळ तापून लांब होतो आणि पट्टीत घासतो. दहा मीटर लोखंडी नळ ४० अंशांनी तापला तर सुमारे ५ मिलिमीटर वाढतो. ऊन पाण्याची प्लास्टिकची नळी तेवढ्याच तापण्याने अडीच सेंटिमीटर वाढते. म्हणजे इथे पट्टी थोडी सैल हवी आणि भिंतीतून नळी जाते तिथे मोकळीक हवी. धाडकन ठोक्याला पट्टी आवळायची, टिकटिकीला ढिली करायची. दोन्हींत गल्लत झाली की आवाज वाढतो, म्हणून आधी कान आणि मग पान्हा.

तिसरा आवाज "गुडगुड", उन्हावरच्या बंबाचा. त्यात पंप नसतो. तापलेले पाणी हलके होऊन टाकीत चढते आणि गार पाणी खाली उतरते. या वाटेत हवा अडकली की पाणी फिरत नाही, गुडगुडते, आणि भर दुपारी टाकी कोमटच राहते. टाकीवरची हवेची नळी कचऱ्याने किंवा गांधीलमाशीच्या घराने बुजली आहे का ते पाहावे. ही नळी शोभेची नाही, ती कधीही बंद करू नये. आणखी एक. टाकी रिकामी राहून काचेच्या नळ्या उन्हात तापल्या असतील तर दुपारी गार पाणी सोडू नका, नळ्या तडकतील. सूर्य उगवण्याआधी भरा.

हे आवाज ऐकले तर हात आखडा

विजेच्या बंबाच्या सुरक्षा-झडपेतून तापताना थोडे पाणी ठिबकते. पाणी तापून फुगते. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेले की पावणेचारशे मिलिलिटर जास्त होते, म्हणजे दोन पेले. ते कुठेतरी जायलाच हवे. हे ठिबकणे म्हणजे झडप काम करते आहे. पुष्कळ घरांत मात्र भिंत ओली होते म्हणून त्या झडपेला लाकडाची खुंटी मारतात किंवा चिंधी कोंबतात. श्रोतेहो, हे कधीही करू नका. झडप बुजली आणि तापमान सांभाळणारी कळ अडकली, तर बंद टाकीत शंभर अंशांच्या वर तापलेले पाणी कोंडते. टाकी फुटली की त्याची एका क्षणात वाफ होते, आणि वाफेला किती जागा लागते ते आपण मघाशी पाहिले. झडपेतून पाणी न ठिबकता वाफ "फुस्स" करत येत असेल, तर आधी मुख्य कळ बंद करा, न्हाणीतून बाहेर या आणि कारागीर बोलवा. टाकी निवल्याशिवाय तोटी उघडू नका.

बंबातून "भुण्ण" असा विजेचा गुणगुणाट येत असेल, किंवा तोटीला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तरी हेच. बंबाला जमिनीशी जोडणारी तार हवीच, आणि ३० मिलिअँपिअरवर वीज तोडणारे यंत्र घरात असेल तर उत्तमच. बादलीत सोडायच्या तापकाच्या बाबतीत एकच नियम: कळ बंद, खटका काढलेला, मगच पाण्यात बोट.

शेवटचा बंब गॅसचा. पेटताना "भप्प" असा मोठा आवाज आला, तर गॅस आधी साठून मग पेटला असे समजावे. जाळ निळ्याऐवजी पिवळा दिसला तर जळण अपुरे होते आहे. अपुऱ्या जळणातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि आवाज तर नाहीच. रक्तातल्या ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यायचा, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट बिलगतो. माणसाला आधी गुंगी येते, डोके दुखते, आणि दार उघडायचे सुचण्याआधी तो पडतो. गॅसचे यंत्र न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवे. आणि सरपणाच्या बंबालाही हेच लागू आहे. थंडी फार म्हणून धगधगता बंब किंवा निखाऱ्यांची शेगडी बंद न्हाणीत, बाळंतिणीच्या बंद खोलीत नेऊ नका. झरोका उघडा असलाच पाहिजे. आवाज करणारा बंब निदान सूचना देतो, हा वायू काहीच देत नाही.

गुरुजींसाठी

शाळेत हा विषय एका तासात दाखवता येतो. काचेच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत साठवलेले पावसाचे पाणी, दुसरीत विहिरीचे. दोन्हींत साबणाचा सारखाच चुरा घालून मुलांना वीस वेळा हलवायला सांगा आणि फेस पट्टीने मोजा. साबण अंगाचा घ्यावा. कपड्याच्या पुडीला जड पाण्यातही फेस येतो आणि प्रयोग फसतो. मग विहिरीचे पाणी दहा मिनिटे उकळून, निववून, फडक्यातून गाळून पुन्हा तोच प्रयोग करा. फेस वाढलेला दिसेल. जेवढा वाढला तेवढा चुना भांड्याला बसला. उकळल्यावरही फेस कमीच पडला, तर तो जडपणा उकळून न जाणारा आहे असे सांगावे. मुलांना घरून बंबातली एकेक कपची आणायला सांगा आणि तिच्यावर लिंबाचा थेंब टाका. फेस आला की मुले जे शिकतील ते फळ्यावर लिहून शिकवता येणार नाही. भडगाव, कजगाव आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून आलेल्या मुलांच्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर कोणत्या विहिरीचे पाणी किती जड याचा तक्ता वर्गातच तयार होतो. पुढच्या हिवाळ्यात कोणाचा बंब आधी गुरगुरेल हे मुलांना त्या तक्त्यावरून आधीच सांगता येईल.

तर मग उद्या सकाळी बंब पेटवाल तेव्हा क्षणभर कान द्या. आवाज कधी येतो, कुठून येतो आणि कसा येतो, हे तीन प्रश्न विचारा. "सूं" असेल तर निवांत अंघोळ करा. "टक्-ठक्" असेल तर रविवारी अर्धा किलो लिंबूसत्त्व आणा. "धाड्" असेल तर पट्टी आवळा, "टिक्" असेल तर ढिली करा. "फुस्स", "भुण्ण" किंवा "भप्प" असेल तर बंब बंद करून कारागिराला बोलवा. आणि आजीने पुन्हा विचारले, तर तिला सांगा की आपल्याच विहिरीतला चुना बोलतो आहे.